वाचकांचे प्रश्न : टेबलावरच्या मॅकचं आता काय करायचं?

मॅकच्या डेस्कटॉपबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निम्मी रागाची निघाली. लिहिणारे प्रेसवाले, लग्नाचे व्हिडिओ करणारे, संस्थांच्या स्मरणिका जुळवणारे. सगळे वर्षानुवर्षं ॲपलचंच मशीन घेत आलेले. राग रास्त आहे, आणि तो का रास्त आहे तेही उत्तरांत आलं आहे. जागा मात्र स्क्रू-ड्रायव्हर, केबल आणि तारखांना जास्त दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : रामबागेत आमचा छोटा प्रेस आहे. पत्रिका, स्मरणिका, क्वचित दिवाळी अंक. २०१७ चा २७ इंची आयमॅक वापरतो. तेवढा मोठा पडदा असलेला आयमॅक कंपनी आता काढतच नाही. दुकानदार म्हणतो, "भिया, चौबीस वाला ले लो, सेम है." खरंच सेम आहे का? इतकी वर्षं एका कंपनीला धरून राहिल्याचं हेच फळ? (एक मुद्रक, इंदूर)

उत्तर : सेम नाही. पट्टी घेऊन मोजा. २४ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या आयमॅकचा पडदा प्रत्यक्षात साडेतेवीस इंची आहे, म्हणजे साधारण ५२ सेंटिमीटर रुंद आणि २९.३ सेंटिमीटर उंच. ए४ पान उभं असतं २९.७ सेंटिमीटर. म्हणजे पान शंभर टक्के आकारात पूर्ण दिसतच नाही, आणि वरची मेनूपट्टी अजून त्यात धरलेलीच नाही. तुमचा २७ इंची पडदा सुमारे ५९.८ बाय ३३.६ सेंटिमीटरचा. त्यावर ए४ ची दोन पानं समोरासमोर खऱ्या आकारात मावतात आणि कडेला पॅनल ठेवायला जागाही उरते. मजकूर टाइप करणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही, पानं लावणाऱ्याला दिवसभर जाणवेल.

२७ इंची आयमॅक २०२२ च्या मार्चमध्ये बंद झाला. शेवटचं मॉडेल २०२० चं. त्याच वेळी कंपनीने मॅक स्टुडिओ हा बिनपडद्याचा डबा आणि २७ इंची स्टुडिओ डिस्प्ले हा नुसता पडदा आणला. म्हणजे एका डब्यात मिळायचं ते दोन डब्यांत विभागलं आणि दोन्ही डब्यांची किंमत वेगवेगळी लावली. पडदाच सुरुवातीला १,५९,९०० रुपयांना होता, आणि उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्टँडचे पैसे वर.

तुमच्या कामाला आम्ही मॅक मिनी, म्हणजे कंपनीचा छोटा बिनपडद्याचा डबा, आणि वेगळा २७ इंची पडदा सुचवू. एम४ चिपचा मिनी २०२४ च्या अखेरीस भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण धरून. पत्रिका आणि चार रंगांची साधी कामं १६ जीबीत होतात. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, फ्लेक्सच्या मोठ्या फाइली आणि सोबत फोटोशॉप-इनडिझाइन दोन्ही उघडी असतील तर २४ जीबी घ्या. हा निर्णय दुकानातच घ्यायचा असतो. मेमरी चिपच्या पॅकेजवरच बसवलेली असल्यामुळे ती नंतर वाढत नाही. कोणी "करवा देंगे" म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. साठवणीत मात्र पैसे वाचवता येतात: आतली ५१२ जीबी सिस्टिम आणि ॲडोबीसाठी, आणि कामाच्या फाइली बाहेरच्या १ किंवा २ टीबी एसएसडीवर.

मिनीला जुन्या पद्धतीचं चौकोनी यूएसबी छिद्र एकही नाही. पुढे दोन आणि मागे तीन, सगळी टाइप-सी. प्रिंटर, जुनी हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह यांच्यासाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब पहिल्या दिवशीच आणा. मशीन टेबलावर आल्यावर हब शोधायला सिल्व्हर मॉलला चक्कर मारणारे बरेच आहेत.

पडद्याची निवड जास्त महत्त्वाची आहे. बाजारात २७ इंची ४के पडदा स्वस्त मिळतो आणि दुकानदार तोच पुढे करतो. त्यावर इंचाला १६३ ठिपके असतात, ५के वर २१८. तुमच्या आयमॅकवर अक्षरांचा आणि मेनूचा जो आकार आहे तोच ४के वर हवा असेल, तर मॅक आधी चित्र ५१२० बाय २८८० मध्ये तयार करतो आणि मग ते ३८४० बाय २१६० मध्ये दाबून बसवतो. या दाबण्यात इंग्रजी मजकुराचं फारसं बिघडत नाही. देवनागरीत नऊ-दहा पॉइंटाच्या मजकुरात अनुस्वाराचा ठिपका, रफार, उकाराची शेपटी मऊ पडते. प्रुफं पडद्यावरच वाचत असाल तर ५के घ्या. तो ॲपलचाच हवा असं नाही. सॅमसंग आणि आसूस यांनीही २७ इंची ५के पडदे काढले आहेत. प्रुफं कागदावर वाचत असाल तर ४के चालतो, आणि वाचलेल्या पैशांत चांगला यूपीएस येतो.

आता फळाबद्दल. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांनी २०१४ चा मिनी पाहिला आहे: आधीच्या २०१२ च्या मिनीत चार गाभ्यांचा प्रोसेसर मिळत होता, तो काढून टाकला, मेमरी बोर्डाला डाखली, आणि मग पुढचं मॉडेल थेट २०१८ मध्ये. २०१३ च्या मॅक प्रोला वारस मिळाला तो २०१९ च्या डिसेंबरात. स्वतःचा थंडरबोल्ट डिस्प्ले २०१६ मध्ये बंद केला. त्यानंतर सामान्य प्रेसला झेपेल असा ॲपलचा पडदा २०२२ पर्यंत नव्हताच, आणि तो आला तोही झेपेल की नाही अशा किमतीला. २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी काही पत्रकारांना बोलावून सांगितलं होतं की विकल्या जाणाऱ्या मॅकपैकी सुमारे ८० टक्के लॅपटॉप असतात. दुर्लक्षाचं कारण इतकं साधं आहे. इंटेलची सोडून स्वतःची चिप आल्यापासून मिनीला बरे दिवस आले (२०२०, २०२३, २०२४), हेही नोंदवायला हवं. पण जुन्या सवयीने "आत्ता घेऊ, मेमरी पुढच्या वर्षी टाकू" असं आता होत नाही. म्हणून डेस्कटॉप घ्यायचा तर मॉडेल बाजारात आल्यापासून पहिल्या वर्षात घ्या. तिसऱ्या वर्षी घेतलंत तरी कंपनीची छापील किंमत बहुधा तीच असते, आणि सिस्टिमच्या अपडेटची दोन वर्षं मात्र तुमच्या हातून गेलेली असतात.

प्रश्न : माझ्याकडेही २०१७ चाच २७ इंची आहे, ८ जीबी मेमरी, १ टीबी फ्यूजन ड्राइव्ह. सुरू व्हायला इतका वेळ लावतो की चहा होऊन जातो. नवीन घ्यायची ऐपत पुढच्या वर्षी. तोवर काही करता येईल? (एक वाचक भगिनी, सुदामा नगर)

उत्तर : येईल, आणि बहुतेक काम घरी होईल.

दोष प्रोसेसरचा नाही. २०१७ च्या १ टीबी फ्यूजन ड्राइव्हमध्ये वेगवान एसएसडी फक्त ३२ जीबीची असते; बाकी सगळी फिरती हार्ड डिस्क. नवी सिस्टिम आणि दोन-तीन मोठे प्रोग्रॅम आले की ३२ जीबी भरते आणि मशीन डिस्कच्या गतीवर येऊन बसतं. (२ आणि ३ टीबीच्या मॉडेलांत एसएसडीचा भाग १२८ जीबीचा होता, त्यांना हा त्रास कमी.)

पडदा कापून आतली डिस्क बदलायच्या भरीस पडू नका. बाहेरची एसएसडी जोडून तिच्यावरूनच मशीन चालवा. १० गिगाबिटची, टाइप-सी केबलची घ्या आणि मागच्या दोन थंडरबोल्ट छिद्रांपैकी एकात लावा. चौकोनी छिद्रात लावलीत तर वेग निम्म्यावर, ५ गिगाबिटवर येतो.

आधी टाइम मशीनने वेगळ्या डिस्कवर पूर्ण बॅकअप. मग डिस्क युटिलिटीत, व्ह्यू मेनूतून सगळी उपकरणं दाखवायला सांगा आणि नव्या डिस्कची सर्वांत वरची ओळ निवडा. इथेच बहुतेकांचं चुकतं: खालची ओळ निवडून पुसली तर पार्टिशनची जुनी मांडणी तशीच राहते आणि सिस्टिम बसायला नकार देते. फॉरमॅट एपीएफएस, स्कीम जीयूआयडी. मशीन बंद करून ऑप्शन, कमांड आणि आर दाबून सुरू करा. इंटरनेटवरून या मॉडेलला चालणारी शेवटची सिस्टिम, म्हणजे व्हेंचुरा, येईल. ती बाहेरच्या डिस्कवर बसवा, मायग्रेशन असिस्टंटने जुना डेटा आणा आणि सेटिंग्जमध्ये स्टार्टअप डिस्क म्हणून तीच निवडा. महिनाभर नीट चालल्याशिवाय आतली डिस्क पुसू नका. केबल टेबलाच्या मागे चिकटपट्टीने बांधून टाका. झाडू लागून निघाली तर मशीन तिथल्या तिथे अडकतं.

मेमरीही वाढवा. २७ इंचीत त्यासाठी मागे दार आहे. वायर काढा, पडदा मऊ चादरीवर पालथा घाला. वायर जिथे खोचतो त्याच्या जरा वर, खाचेत एक छोटं करडं बटण आहे. वायर लावलेली असताना ते दिसत नाही. ते आत दाबलं की दार उचकतं. आतल्या दोन दांड्या बाहेरच्या बाजूला ढकलल्या की मेमरीचा पिंजरा सुटून वर येतो. चार खाचा असतात, दोन भरलेल्या. हवी ती पट्टी लॅपटॉपच्या आकाराची, डीडीआर४, २४०० मेगाहर्ट्झ, २६० पिनांची. ८ जीबीच्या दोन पट्ट्या रिकाम्या खाचांत घातल्या की एकूण २४. पट्टीची खाच आणि सॉकेटचा दात जुळवून सरळ खाली दाबा, दोन्ही बाजूंना सारखा जोर. सुरू केल्यावर दर पाच सेकंदांनी एक सूर वाजला तर मेमरी मशीनला दिसतच नाही, म्हणजे पट्टी नीट बसलेली नाही. तीन सूर आणि पाच सेकंद शांतता असा क्रम असेल तर पट्टीच सदोष आहे; दुकानात परत करा. म्हणून बिल आणि डबी ठेवा.

एक सावधगिरी. व्हेंचुराला येणारे सुरक्षा-अपडेट २०२५ मध्ये टाहो ही नवी सिस्टिम आल्यावर थांबले. बँकेचे व्यवहार या मशीनवरून न केलेले बरे. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून नवी सिस्टिम चढवता येते, पण ते काम कंपनीचं नाही, आणि प्रत्येक अपडेटनंतर ग्राफिक्स किंवा वायफाय रुसू शकतं. वेगळ्या डिस्कवर हौस म्हणून करा. ज्या डिस्कवरून पत्रिका छापायला जातात तिच्यावर नको.

प्रश्न : आयमॅक गेला तरी त्याचा ५के पडदा तर उत्तम आहे. नव्या मिनीला तो मॉनिटर म्हणून जोडता येत नाही का? (तीन पत्रं)

उत्तर : सरळ केबल लावून, नाही. टार्गेट डिस्प्ले मोड ही सोय २००९ ते २०१४ च्या मध्यापर्यंतच्या मॉडेलांत होती. ५के पडद्याला लागणारा डेटा त्या वेळच्या एका केबलमधून मावत नव्हता, म्हणून २०१४ च्या अखेरीस ५के आला तेव्हा ही सोय गेली. पुढे पुरेसा वेग असलेल्या केबल आल्या, सोय काही परत आली नाही. पत्रांतला सगळ्यांत जास्त राग याच एका गोष्टीवर आहे, आणि आमच्या मते तो शंभर टक्के योग्य आहे. एक चांगला पडदा केवळ आत शिरायला दार नाही म्हणून भंगारात जातो.

२०१९ आणि २०२० च्या आयमॅकला एअरप्लेने दुसऱ्या मॅकचं चित्र पाठवता येतं. सेटिंग्ज, जनरल, एअरड्रॉप अँड हँडऑफ, तिथे एअरप्ले रिसीव्हर चालू करा. हे पत्रव्यवहार किंवा संदर्भाचं पान उघडं ठेवायला ठीक. माउस किंचित मागून येतो आणि रंगांवर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे रंग तपासायला निरुपयोगी.

दुसरा मार्ग कापाकापीचा. आतलं सगळं काढून पॅनलला बाहेरून मागवलेलं कंट्रोलर बोर्ड जोडायचं. बोर्ड घेताना पॅनलच्या पाठीवरचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, जुळायला हवा. तो पडदा काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून आधी उघडा आणि मग बोर्ड मागवा. पडदा कडेने फोमच्या चिकटपट्टीने बसवलेला असतो. ती कापायची चकती एक सेंटिमीटरपेक्षा आत घालू नका, आतल्या केबली कापल्या जातात. परत लावताना पट्ट्या नव्याच हव्यात. जुन्या पट्ट्यांवर टेकवलेली काच चार-सहा महिन्यांनी, बहुधा एप्रिल-मेच्या उकाड्यात, खाली येते. आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर वायर काढल्यानंतरही भरलेले राहतात, त्याला हात लावणारा माणूस टीव्ही दुरुस्तीतला मुरलेला असावा. हे सगळं करून कॅमेरा जातो आणि स्पीकरही बहुधा जातात. हात सफाईदार असेल तरच.

प्रश्न : स्मरणिकांचा पंधरा वर्षांचा साठा जुन्या मॅकवर आहे. काही इनडिझाइनच्या जुन्या आवृत्तीत, काही मजकूर जुन्या देवनागरी फाँटांत. कंपनी दर काही वर्षांनी मागचं तोडून टाकते. नव्या मशीनवर हे उघडेल का? (एका संस्थेचे कार्यकर्ते, इंदूर)

उत्तर : आपोआप नाही. जुनं मशीन धडधडतं आहे तोवर हे काम उरका, कारण याला पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो.

तोडणं दोन ठिकाणी झालं आहे. २०१९ मध्ये कॅटालिना या सिस्टिमपासून ३२ बिटचे, म्हणजे जुन्या घडणीचे प्रोग्रॅम बंद झाले. इनडिझाइन सीएस६ त्यात गेलं. २०२३ पासून ॲडोबीच्या प्रोग्रॅमांनी टाइप १ या जुन्या प्रकारचे फाँट ओळखणं सोडलं. हे ॲपलचं कर्तृत्व नाही, पण भरडला जातो तो तोच माणूस.

जुन्या मशीनवर प्रत्येक अंक उघडा आणि त्याच्या तीन गोष्टी करा. फाँट आत घेतलेली पीडीएफ, म्हणजे काहीही झालं तरी पुन्हा छापता येईल. पॅकेज, म्हणजे चित्रं आणि फाँट एका फोल्डरात. आणि आयडीएमएल, जी नव्या इनडिझाइनमध्ये उघडते. तिन्ही दोन वेगळ्या डिस्कांवर, त्यातली एक संस्थेच्या कार्यालयाबाहेर.

मजकुराचं दुखणं वेगळं आहे. जुन्या फाँटांत "क" हे अक्षर म्हणून साठवलेलंच नसतं; इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन्ही उलट. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तक प्रोग्रॅमला हा क्रम फिरवावा लागतो, आणि जिथे वेलांटी आणि रफार एकत्र येतात किंवा वेलांटी जोडाक्षरावर असते तिथे तो घसरतो. म्हणून सगळं पुस्तक एकदम टाकू नका. आधी एक चाचणी-पान करा, त्यात हे शब्द घाला: वार्षिक, निर्मिती, व्यक्तिमत्त्व, सर्वांत, दुसऱ्या, तऱ्हा, उद्ध्वस्त, ॲड., ऑक्टोबर. हे नीट आले तर बाकीचं बहुतेक नीट येतं.

"दुसऱ्या"मधला र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. छापून दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रकाराने शोधलं तर दुसऱ्या प्रकारचे शब्द सापडत नाहीत, आणि अनुक्रमणिका करताना अर्धी नावं गळतात. परिवर्तनानंतर शोधा-बदला करून सगळे एका प्रकारचे करून घ्या, शक्यतो पहिल्या.

नव्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. अक्षराच्या पॅनलमध्ये भाषा मराठी करा. ती हिंदी राहिली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात; इंदूरच्या प्रेसमध्ये दोन्ही भाषांची कामं एकाच साच्यातून निघत असल्यामुळे हे हमखास घडतं आणि छापून आल्यावर लक्षात येतं.

ज्यांचं देवनागरी सॉफ्टवेअर विंडोजचं आहे आणि हार्डवेअर लॉकवर, म्हणजे डोंगलवर चालतं, त्यांनी जास्त जपावं. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प लावून विंडोज चालायचं. नव्या चिपच्या मॅकवर बूट कॅम्प नाही. पॅरलल्स या प्रोग्रॅममधून एआरएमचं, म्हणजे नव्या चिपांसारख्या चिपांसाठीचं विंडोज ११ चालतं, जुने प्रोग्रॅमही बरेचसे चालतात, पण डोंगलचा जुना ड्रायव्हर तिथे बसत नाही, आणि तो नसला की प्रोग्रॅम लॉक मागत राहतो. त्या एका कामासाठी जुना इंटेल मॅक किंवा एखादा वापरलेला पीसी ठेवा आणि त्याचं इंटरनेट काढून टाका.

प्रश्न : लग्नाच्या व्हिडिओसाठी मॅक प्रो वापरतो. आधी गोल डब्याचा २०१३ चा, आता २०१९ चा टॉवर. त्यात नवं ग्राफिक्स कार्ड टाकता येईल का? आणि चार-सहा वर्षांत एक मॉडेल काढणाऱ्या कंपनीवर पुढे भरवसा ठेवावा का? (एक व्हिडिओ संपादक, देवास)

उत्तर : २०१९ च्या टॉवरमध्ये एएमडीची ६८०० आणि ६९०० मालिकेतली कार्डं मॅकवर चालतात. त्यापुढची ७००० मालिका चालत नाही, ड्रायव्हरच नाहीत. एनव्हिडियाचा विचार सोडा. हाय सिएरा या जुन्या सिस्टिमनंतर ती वाट बंद झाली. कार्डाला आठ पिनांच्या वेगळ्या पॉवर केबल लागतात आणि त्या या टॉवरच्या सॉकेटला बसणाऱ्याच हव्यात. साध्या पीसीच्या पॉवर सप्लायमधून काढलेल्या केबल खोचू नका.

गोल डब्याचं काय झालं ते समजून घेतलं तर पुढचं धोरण कळतं. आत त्रिकोणी धातूचा एकच गाभा, तिन्ही बाजूंना तीन बोर्डं, एक प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स, वर एक पंखा. तिन्ही बाजू सारख्या तापतील असं गृहीत धरलं होतं. उद्योग मात्र एका मोठ्या, खूप तापणाऱ्या कार्डाकडे गेला आणि ते कार्ड त्या त्रिकोणाच्या एका भिंतीवर मावेना. आपण स्वतःला उष्णतेच्या कोपऱ्यात अडकवून घेतलं, अशी कबुली कंपनीचे क्रेग फेडरिगी यांनी २०१७ मध्ये दिली. तरीही ते मशीन २०१९ च्या अखेरपर्यंत विकलं जात होतं.

२०२३ चा मॅक प्रो कंपनीच्या स्वतःच्या एम२ अल्ट्रा चिपचा. त्यात कार्डांच्या खाचा आहेत, पण ग्राफिक्स कार्ड चालत नाही. त्या खाचा व्हिडिओ कॅप्चर, साठवण, ध्वनी आणि नेटवर्कच्या कार्डांसाठी. शिवाय २०१९ च्या टॉवरमध्ये दीड टीबीपर्यंत मेमरी बसायची, इथे १९२ जीबीवर थांबते. २०२५ च्या मार्चमध्ये मॅक स्टुडिओला एम३ अल्ट्रा मिळाली, महागड्या टॉवरला नाही. कंपनीचा कल यातून वाचता येतो. लग्नाच्या ४के कामाला मॅक स्टुडिओ किंवा एम४ प्रोचा मिनी पुरतो. त्यामुळे टॉवरमध्ये नवे पैसे न घालता तो आहे तसा वापरा. टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची सिस्टिम आहे, आणि ती मिळालेल्या चार इंटेल मॉडेलांत तुमचा टॉवर आहे. नवं कार्ड घ्यायचंच असेल तर वापरलेलं घ्या, आणि पैसे देण्याआधी अर्धा तास रेंडर लावून बघा.

प्रश्न : मॉडेल बंद केलं, सुटे भाग नाहीत म्हणतात. ग्राहक मंचात जाता येईल का? (वैशाली नगर)

उत्तर : मॉडेल बंद करणं किंवा नवी सिस्टिम न देणं ही सेवेतली त्रुटी ठरवणं कठीण. कंपनीचा नियम जाहीर आहे: विक्रीसाठी पाठवणं थांबवल्याला पाच वर्षं झाली की मॉडेल व्हिंटेज, मग भाग असतील तर दुरुस्ती, सात वर्षं झाली की ऑब्सोलीट, दुरुस्ती बंद. २०१७ च्या २७ इंचीची जागा २०१९ च्या मार्चमध्ये नव्या मॉडेलने घेतली, तिथून हिशेब करा. २०२० चं मॉडेल २०२२ च्या मार्चमध्ये थांबलं, म्हणजे त्याला २०२९ पर्यंत वाव आहे.

वॉरंटीत असताना दुरुस्ती नाकारली, पैसे घेऊन काम केलं नाही किंवा बदललेला भाग सांगितला त्यापेक्षा वेगळा निघाला, तर तक्रार नक्की होते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा मंच. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं.

प्रेसवाल्यांची अडचण "व्यापारी हेतू" या शब्दांत आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर ठरतो. बिल फर्मच्या नावावर आणि जीएसटीचा परतावा घेतलेला असेल तर समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. दुरुस्तीला देताना जॉबशीटवर सिरियल नंबर, तक्रार आणि मशीनची स्थिती लिहून घ्या, कोपऱ्यावरच्या ओरखड्यासह.

थोडक्यात

लाइट जाते-येते, कसला यूपीएस? २७ इंची आयमॅकला १००० व्हीए, लाइन-इंटरॅक्टिव्ह, प्युअर साइन वेव्ह. पायऱ्या-पायऱ्यांची लाट देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर बॅटरीवर जाताच मशीन बंद पडू शकतं. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, गरम होताना तो एकदम जास्त करंट ओढतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मीटरने बघा. तीनच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की ब्रॉडबँडची केबलही काढा; झटका तिथूनही येतो.

२१.५ इंची २०१७ मध्ये मेमरी वाढते का? वाढते, पण मागे दार नाही. पडदा काढावा लागतो, म्हणजे नव्या पट्ट्या आणि कारागीर.

नव्या मिनीचं बटण सापडत नाही. खाली, मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे. डब्याचा तेवढा कोपरा उचलून बटण दाबा.